जर्मनीला जाणारे टॉवेल, ठेक्यावरच्या शिलाईवाल्या बायका: ऑडिट येतंय, आधी काय हातात घ्यावं?

बचतगट_पूर्वभाग

अक्कलकोट रोड एमआयडीसीतलं एक टॉवेल युनिट. नाव देत नाही. लूम आणि प्रोसेस दुसरीकडे. इथं कटिंग, हेमिंग (कडा दुमडून शिवणं), चेकिंग, घडी, पॅकिंग एवढंच. पुरुष २०, बायका ३४. बायकांपैकी १२ कंपनीच्या हजेरीपटावर, बाकी २२ ठेकेदाराच्या. त्यांना डझनावर पैसे, शनिवारी रोख, पावती नाही. शिवाय धागे तोडायचं काम विडी घरकुलातल्या पंधराएक घरांत जातं, त्याचा तर कुठल्याच कागदावर पत्ता नाही.

पुढच्या महिन्यात जर्मन गिऱ्हाइकाकडून सोशल ऑडिट (कामगारांना कसं वागवतात याची तपासणी) आहे. मागच्या ऑडिटला ठेकेदाराच्या बायकांना "आज सुट्टी" म्हणून सांगितलं होतं. गाऱ्हाणी चार: शिपमेंटच्या आठवड्यात दहा-दहा तास काम आणि जादा तासाचा वेगळा दर नाही, ईएसआयचं (कामगार राज्य विम्याचं) कार्ड नाही, बाई पोटुशी दिसायला लागली की "बाळंतपण झाल्यावर ये", आणि एका सुपरवायझरचं वागणं-बोलणं.

डझनाच्या दरात किमान वेतन बसतं का, हे कसं काढायचं? ऑडिटरपर्यंत ठेक्यावरच्या बायकांचं म्हणणं कसं पोचवायचं? जर्मनीचा पुरवठासाखळीचा कायदा (माल बनवणाऱ्या कामगारांच्या हक्कांवर गिऱ्हाईक कंपनीनं लक्ष ठेवायचं, असा) म्हणतात तो सोलापूरच्या बाईला खरंच वापरता येतो का? आणि मोठी भीती ही, की तक्रार केली आणि ऑर्डरच पानिपतला नाहीतर करूरला गेली तर?

जाणकारांनी नेमकं सांगावं. "युनियन करा" हे माहीत आहे, ते चालू आहे.

---

हिशेबवही

ताई, ऑडिट येईल तेव्हा येईल, वही आजपासून घाला. प्रत्येकीची वेगळी, शंभर पानी. रकाने: तारीख, आत आल्याची वेळ, बाहेर पडल्याची वेळ, टॉवेलचा साइज, डझन, दर, रिकामं बसलेला वेळ आणि त्याचं कारण, शनिवारी हातात आलेले पैसे. साइजचा रकाना विसरू नका. बाथ टॉवेलचं क्रॉस हेमिंग आणि फेस टॉवेलचं हेमिंग यांचा दर वेगळा असतो, आणि नेमका तिथंच ठेकेदार घोळ घालतो: माल मोठा, दर लहान साइजचा.

आता हिशेब. कायद्याचं म्हणणं सरळ आहे: काम नगावर असलं तरी पूर्ण दिवसाला वेळेच्या दराने ठरलेल्या किमान वेतनाहून कमी देता येत नाही. महाराष्ट्रात किमान वेतन म्हणजे मूळ दर अधिक विशेष भत्ता, आणि भत्ता दर सहा महिन्यांनी, जानेवारीत आणि जुलैत, बदलतो. कामगार आयुक्तालयाचं चालू परिपत्रक घ्या, त्यात आपला उद्योग, परिमंडळ आणि कुशल-अर्धकुशल वर्ग बघा, महिन्याच्या आकड्याला २६ ने भागा. शिलाई मशीन चालवणारीला अकुशल दाखवलेलं सर्रास दिसतं, तेही तपासा.

समजा रोज ४६० रुपये निघाला (हा आकडा फक्त गणितासाठी, खरा परिपत्रकातून घ्या). बाईला डझनाला ८ रुपये, तासाला ५ डझन होतात. आठ तासांत ४० डझन, म्हणजे ३२० रुपये. इथंच १४० कमी. दहा तास बसली तर ५० डझन, ४०० रुपये. तिला वाटतं आज जास्त कमावले. हिशेब असा हवा: आठ तासांचे ४६०, वरचे दोन तास दुप्पट दराने. तासाचा दर ५७.५०, दुप्पट ११५, दोन तासांचे २३०. एकूण ६९०. मिळाले ४००. एका दिवसाची तूट २९० रुपये.

वीज गेली, कटिंगवरून माल आला नाही, बॉबिन केस बिघडली, तर तो वेळ मालकाच्या खात्यात. बाई काम करायला हजर आणि तयार होती, म्हणून दिवस पूर्ण धरायचा. "रिकामं बसलेला वेळ" हा रकाना त्यासाठी.

कपात: तेलाचा डाग पडला म्हणून अख्खा डझन कापतात. दंड त्या पगार-मुदतीच्या वेतनाच्या ३ टक्क्यांवर जाऊ शकत नाही, आणि नुकसानीची वसुली बाईच्या हलगर्जीनं नुकसान झालं असेल तरच, तीही तिचं म्हणणं ऐकून घेऊन. मशीनचं तेल टॉवेलवर सांडतं ते बहुतेक वेळा गळणाऱ्या सीलमुळे, तो देखभालीचा प्रश्न आहे.

चार श्रम संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्यात. वेतन संहितेत थकबाकीचा दावा ३ वर्षांपर्यंत करता येतो, आणि पैसे दिले हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर आहे. रोख दिले, पावती नाही, हा आता त्याच्या गळ्यातला फास आहे, तिच्या नाही. ठेकेदारानं बुडवलं तर ज्या कंपनीचं काम आहे ती जबाबदार. ५० पेक्षा कमी माणसं असलेला ठेकेदार कंत्राटी कामगारांच्या नियमांतून सुटतो, वेतनाच्या जबाबदारीतून सुटत नाही. लेखी अर्ज सहायक कामगार आयुक्त कार्यालयात; आवक शिक्का मारलेली प्रत परत घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही.

---

जुना_ऑडिटर

वरचा हिशेब बरोबर. ऑडिटच्या बाजूचं सांगतो.

आधी गिऱ्हाईक कोण ते शोधा. बायका दिवसभर लेबल शिवतात आणि नाव माहीत नाही म्हणतात, कारण लेबल वाचायचं कसं हे कुणी सांगितलेलं नाही. हेममध्ये अडकवलेल्या वॉश-केअर लेबलची मागची बाजू बघा. युरोपात १३ डिसेंबर २०२४ पासून मालावर किंवा पॅकिंगवर उत्पादकाचं आणि बाहेरून आलेला माल असेल तर आयातदाराचं नाव-पत्ता द्यावाच लागतो. कार्टनच्या बाजूला पीओ (खरेदी-ऑर्डरचा) नंबर आणि आर्टिकल (मालाचा) नंबर असतो. बारकोडचे पहिले तीन आकडे ४०० ते ४४० मध्ये असतील तर तो नंबर जर्मनीत नोंदलेला. अमेरिकेच्या मालावर "आरएन" आणि पुढे आकडे दिसले तर तो नंबर तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनच्या संकेतस्थळावर टाकला की कंपनीचं नाव मिळतं. फोटो काढायच्या भानगडीत पडू नका, मोबाइलवर बंदी असते आणि तेवढ्यावरून बाईला घरी बसवतील. आकडे वहीत लिहून आणायचे, बस्स. मग ओपन सप्लाय हब या खुल्या यादीत कारखान्याचं नाव टाका. तुमचं युनिट तिथं कुणाच्या नावाखाली आहे की मुळात नाहीच, ते कळेल.

एक गैरसमज इथेच काढतो. ओएको-टेक्स स्टँडर्ड १०० चं लेबल म्हणजे कापडात घातक रसायन नाही एवढंच. त्याचा पगाराशी संबंध नाही. जीओटीएसमध्ये (सेंद्रिय कापडाचं प्रमाणपत्र) कामगारांच्या अटी आहेत आणि तक्रारीचा मार्गही आहे. एसए ८०००, बीएससीआय, एसमेटा ही कामगारांकडे बघणारी. भिंतीवर कुठलं प्रमाणपत्र टांगलंय ते नीट वाचा.

आता ऑडिटमध्ये काय फसतं. एवढ्या युनिटला ऑडिटर साधारण दिवसभर असतो. सकाळी फेरी, मग कागद, मग मोजक्या बायकांशी बोलणं. यादी सुपरवायझरनं दिली तर पढवलेल्या बायका येतात. चर्चा मराठी-हिंदीत होते आणि बाई तेलुगू किंवा कन्नड बोलणारी असते, मग ती "सब ठीक है" म्हणून मोकळी होते. ठेक्याच्या बायका त्या दिवशी घरी. त्यामुळे कारखान्यातल्या मुलाखतीवर भिस्त ठेवू नका. गिऱ्हाईक कळलं की ऑडिटच्या किमान आठवडाभर आधी त्याच्या तक्रार-पत्त्यावर तीन ओळी पाठवा: या पत्त्यावर ५४ माणसं काम करतात, त्यातल्या २२ ठेक्यावरच्या बायका ऑडिटच्या दिवशी हजर नसतील, त्यांच्याशी कारखान्याबाहेर तेलुगू जाणणाऱ्या बाईमार्फत बोला. नावं द्यायची नाहीत. गटानं किंवा युनियननं सही करायची.

आणि ऑडिटरला सांगा सुई-रजिस्टर बघ. निर्यातीच्या युनिटमध्ये तुटलेल्या सुईची नोंद ठेवावीच लागते: तारीख, वेळ, मशीन नंबर, ऑपरेटरचं नाव, आणि सुईचे सगळे तुकडे टेपनं चिकटवलेले, एक तुकडा सापडला नाही तर अख्खा लॉट मेटल डिटेक्टरमधून. हजेरीपट खोटा लिहिता येतो, सुई-रजिस्टर खोटं लिहायला कुणाला सुचत नाही. हजेरीत रविवार सुट्टी आणि सुई-रजिस्टरमध्ये रविवारी रात्री आठला मशीन नंबर ११ ची सुई तुटलेली, आणि ऑपरेटर म्हणून अशा बाईचं नाव जी पटावरच नाही! एवढ्या एका पानावर खरा आणि खोटा असे दोन हजेरीपट उघडे पडतात. सोबत डिस्पॅचचं रजिस्टर आणि जनरेटरच्या डिझेलची नोंद ताडून बघायला सांगा.

दारं. १८ मे २०२५ ला याच एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याच्या आगीत ८ जण गेले. टॉवेलचे बारीक तंतू उडतात, दिव्यावर-वायरिंगवर बसतात, ठिणगीला तेवढं पुरतं. पॅकिंगच्या मागच्या दाराला रात्री बाहेरून कुलूप लागतं का, कार्टनच्या थप्प्यांनी वाट अडते का, हे बायकांना सगळ्यांत आधी माहीत असतं. ते तीन ओळींच्या खाली चौथी ओळ म्हणून घाला. गिऱ्हाईक पगारावर महिनाभर पत्रव्यवहार करेल, कुलूपबंद दारावर त्याच दिवशी फोन करतं.

---

मर्चंट_सोलापूर

मी कारखानदारांच्या बाजूनं बोलतोय म्हणा हवं तर, पण दोन गोष्टी इथं कुणी बोलत नाही.

पहिली, दर. गिऱ्हाईक एकीकडे कोड ऑफ कंडक्ट (कामगारांना कसं वागवायचं याची नियमावली) पाठवतं, दुसरीकडे किलोमागे चार-पाच रुपये कमी करून मागतं, डिझाइन उशिरा पक्कं करतं आणि शिपमेंटची तारीख तीच ठेवतं. दहा तास तिथून येतात. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेनं ५० टक्के शुल्क लावलं तेव्हा सूट कुणाच्या खिशातून मागितली गेली? त्यामुळे पत्रात फक्त कारखान्याला आरोपी करू नका. "अमुक पीओचं डिझाइन किती तारखेला पक्कं झालं आणि माल किती तारखेला मागितला, ते तुमच्याकडे आहे, बघा" असं लिहा. गिऱ्हाइकाची खरेदीची पद्धत हाही आता तपासणीचा विषय आहे, निदान कागदावर तरी.

दुसरी, पायरी. थेट जर्मनीला पत्र गेलं की मालक बिथरतो आणि मग तडजोडीला जागा उरत नाही. २० किंवा जास्त कामगार असले की तक्रार निवारण समिती बंधनकारक आहे, निम्मे प्रतिनिधी कामगारांचे, बायकांचं प्रमाण कामगारांतल्या त्यांच्या प्रमाणाइतकं तरी. आधी तिथं लेखी द्या, पंधरा दिवस थांबा. निर्यातदारालाही कागद सुधारायची संधी मिळते. बरेच जण सुधारतातही, कारण ऑडिटमध्ये लाल शेरा आला की पुढची ऑर्डर अडकते.

---

जुना_ऑडिटर

मर्चंटभाऊ, दराचं शंभर टक्के मान्य. पायरीचं अर्धंच. समितीच नसेल तर पंधरा दिवस कुणाची वाट बघायची? आणि पंधरा दिवसांत "सुधारतात" ते बहुतेक हजेरीपट. ज्या गोष्टीत जिवाला धोका किंवा अंगाला हात आहे तिथं पायरी नको. पगाराच्या थकबाकीसाठी तुमची पायरी ठीक.

---

बचतगट_पूर्वभाग

सगळ्यांचे आभार. वह्या आजच आणतो. सुपरवायझर आणि बाळंतपणाचं कुणी सांगेल का? लैंगिक छळाच्या तक्रारींच्या समितीचा बोर्ड भिंतीवर आहे, त्यावरच्या एका बाईला आपलं नाव तिथं आहे हेच माहीत नव्हतं. आणि जर्मन कायद्याचं राहिलंच.

---

अर्जदार

अक्का, आधी ईएसआय, कारण त्यात उशीर झाला की भरून निघत नाही.

१० किंवा जास्त माणसं असली की ईएसआय लागू, ठेक्याची माणसं धरून. पगार २१,००० पर्यंत. कामगाराचे ०.७५ टक्के, मालकाचे ३.२५. ठेकेदारानं भरलं नाही तर मुख्य मालकानं भरायचं आणि ठेकेदाराकडून वसूल करायचं, हे कायद्यातच आहे. हप्त्याचे काळ एप्रिल-सप्टेंबर आणि ऑक्टोबर-मार्च. त्यांचा लाभ अनुक्रमे पुढच्या जानेवारी-जून आणि जुलै-डिसेंबरमध्ये. बाळंतपणाच्या पगारासाठी आधीच्या एक किंवा दोन काळांत मिळून ७० दिवसांचा हप्ता हवा. नवीन नोंद झालेलीचा पहिला लाभाचा काळ सुरू व्हायलाच नऊ महिने जातात. म्हणजे सातव्या महिन्यात धावपळ करून कार्ड काढलं तर कार्ड मिळतं, २६ आठवड्यांचा पगार मिळत नाही. ज्या नवविवाहिता आहेत त्यांची नोंद आधी करून घ्या, लाजू नका.

ईएसआयमध्ये नसलेलीचं बाळंतपण मालकाच्या अंगावर येतं: आधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम झालेलं असलं की पहिल्या दोन मुलांना २६ आठवडे, त्यापैकी बाळंतपणाआधी ८ पर्यंत. पोटुशी आहे म्हणून काढली तरी हा हक्क जात नाही. काढल्याचा कागद ते देत नाहीत, म्हणून वहीतली शेवटची तारीख आणि दवाखान्याचं कार्ड जोडून ठेवा. पाळणाघर: ५० कामगार झाले की लागू. तुमच्याकडे ५४ आहेत. मालक २२ वजा करून ३२ सांगेल, ते ऐकून घेऊ नका. पीएफ २० किंवा जास्त कामगार असले की लागू; हप्ता पडतो का ते उमंग अॅपवर यूएएन (पीएफचा नंबर) टाकून दिसतं.

सुपरवायझर. १० किंवा जास्त माणसं असली की लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती हवी: अध्यक्ष वरिष्ठ पदावरची बाई, निम्म्याहून कमी बायका चालत नाहीत, एक सदस्य बाहेरची. ठेक्यावरची बाईही तक्रार करू शकते. मुदत शेवटच्या प्रसंगापासून ३ महिने. सबळ कारण असेल तर समिती आणखी ३ वाढवते. तक्रार लेखी, सहा प्रती, साक्षीदारांच्या नाव-पत्त्यासह. लिहिता येत नसेल तर लिहून द्यायला मदत करणं समितीचं काम आहे. चौकशी ९० दिवसांत. समेट फक्त बाईनं मागितला तरच, आणि पैसे घेऊन समेट कायद्याला मान्यच नाही. "दहा हजार घे आणि मिटव" कुणी म्हणालं तर तेही तक्रारीत लिहा. "सिद्ध झालं नाही तर तुझ्यावरच कारवाई" ही धमकी खोटी: पुरावा अपुरा पडला एवढ्यावरून कारवाई होत नाही. चौकशी चालू असताना बाईला किंवा त्याला दुसऱ्या लाइनला हलवा असं समितीकडून लेखी मागता येतं. त्याला हलवा म्हणून मागा, तिला हलवलं की डझन कमी होतात.

बोर्डावरच्या बाईला नाव माहीत नाही, म्हणजे समिती कागदावरची. समिती नसलेल्या, १० च्या आतल्या जागेसाठी आणि खुद्द मालकाविरुद्धच्या तक्रारीसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती आहे, जिल्हाधिकाऱ्यांच्या अखत्यारीत. महिला व बाल विकास कार्यालयात विचारा. शी-बॉक्स या सरकारी पोर्टलवरूनही तक्रार टाकता येते.

नुसतं आरडाओरडा, शिवीगाळ असेल आणि लैंगिक काही नसेल, तर ते या कायद्यात बसत नाही. ते तक्रार निवारण समितीत. दोन्ही एका अर्जात कालवू नका, दोन्ही बिघडतात.

---

पुरवठासाखळी_वाचक

जर्मन कायद्याचं थोडक्यात. १ जानेवारी २०२३ पासून ३,००० आणि २०२४ पासून १,००० कर्मचाऱ्यांवरच्या कंपन्यांना लागू, माणसं जर्मनीतली मोजतात. छोटा आयातदार असेल तर तो कायद्यात नाही, पण त्याच्याकडून माल घेणारी मोठी दुकानसाखळी असू शकते. म्हणून लेबलवर ब्रँड आणि आयातदार दोन्ही बघा.

खोच अशी: कंपनीनं नियमित तपासायचे ते थेट पुरवठादार. तुमचं युनिट निर्यातदाराचं जॉबवर्क करत असेल तर ते "अप्रत्यक्ष" ठरतं, आणि तिथं कंपनीची जबाबदारी तेव्हाच जागी होते जेव्हा तिच्या हाती ठोस माहिती येते. तुमचं पत्र हीच ती ठोस माहिती. म्हणून "आमच्यावर अन्याय होतो" असं लिहू नका. पीओ नंबर, तारीख, तास, डझन, दर, परिपत्रकातला रोज, तूट असं लिहा. कामाच्या ठिकाणच्या कायद्यानं ठरलेलं किमान वेतन न देणं हे त्या कायद्यात स्पष्ट उल्लंघन आहे. तक्रार-मार्ग उघडा ठेवणं, तक्रारदाराचं नाव गुप्त ठेवणं, त्याला त्रास होऊ न देणं कंपनीवर बंधनकारक. दाद दिली नाही तर बाफा या तिथल्या सरकारी कार्यालयाकडे जाता येतं. मोठ्या कंपन्यांना उलाढालीच्या २ टक्क्यांपर्यंत दंड आहे.

ऑर्डरच्या भीतीवर: त्याच कायद्यात संबंध तोडणं हा शेवटचा उपाय धरलाय, आधी सुधारणेचा आराखडा आणि मुदत. पत्राच्या शेवटी हे वाक्य घालाच: "ऑर्डर काढून न घेता, मुदत ठरवून सुधारणा करून घ्यावी, ही आमची मागणी आहे." तमिळनाडूत दिंडीगुलला २०२२ मध्ये बायकांच्या युनियननं कारखाना आणि परदेशी ब्रँड यांच्याशी करार केला, त्यात ब्रँडनंही स्वतःला बांधून घेतलं. तो वाचण्यासारखा आहे.

मात्र या कायद्यानं बाईच्या हातात थकबाकी पडत नाही, भरपाईचा नवा हक्क त्यात नाही. पैसे मिळायचे ते इथल्याच कामगार कार्यालयातून. याच विषयावर युरोपचा २०२४ चा निर्देश आहे, पण त्याचं वेळापत्रक पुढे ढकललंय, त्यावर आज विसंबू नका.

---

हिशेबवही

घरी धागे तोडणाऱ्या बायकांचं शेवटी राहिलं. पत्रात त्यांचा उल्लेख विचार करून करा. ऑडिटमध्ये घरकाम सापडलं की कारखाना दुसऱ्या दिवशी काम बंद करतो, गिऱ्हाईकही खूश, आणि पंधरा घरांचं उत्पन्न जातं. "घरकाम बंद करू नका, नोंदवा" असंच लिहायचं. विडीच्या बायकांकडे जसं कार्ड असतं तशी चिठ्ठी मागा: माल दिल्याची तारीख, डझन, दर, परत घेतलेले डझन, सही. घरच्या कामाचा तास मोजायला एका बाईला एक तास समोर बसवून डझन मोजा, सकाळी एकदा, दुपारी एकदा, दोन्हींची सरासरी धरा. कात्री, वीज, ने-आण करायचं रिक्षाभाडं कुणाच्या खिशातून जातं तेही लिहा, ते दरातून वजा केल्याशिवाय खरा दर कळत नाही. ज्यांचा पीएफ-ईएसआय नाही आणि वय १६ ते ५९ आहे त्यांची ई-श्रम नोंदणी करून टाका, आधार आणि बँक पासबुक लागतं.